ब्रेकचे तीन दिवस

"बाय, ब्रेकात असशील तेव्हा त्या दारातून आत पाय टाकू नको. कागदावर नायस ना, मग आत कशाला?"

विठूमामांनी हे मला सांगितलं तेव्हा माझ्या पहिल्या अकरा महिन्यांचा शेवटचा दिवस होता आणि माझ्या दोन्ही हातांत शैवालाचा एकेक फ्लास्क होता. मामा आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, कायम नोकरीतले, निवृत्तीला आलेले. मी हसले. म्हटलं, "मामा, मी ब्रेकवर आहे हे ह्यांना कोण समजावणार? ह्यांना रोज खायला लागतं."

"लागूदे. तुला काय झालं तर तू हितं नव्हतीसच असं लिवतील. लक्षात ठेव."

"होणार काय आहे मामा? पाणी आणि उजेड, एवढंच तर आहे आत."

मामांनी फडकं उचललं. टेबल आधीच पुसलेलं होतं, तेच परत पुसत राहिले.

आमचं किनारी शैवाल संशोधन केंद्र रत्नागिरीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्याला, सड्यावर आहे. भोवती कातळ आणि थोडे काजू. समुद्र तिथून दिसत नाही, त्याचं पाणी टँकरने येतं. त्या पाण्यात आम्ही डोळ्यांना न दिसणारं शैवाल वाढवतो, ते कोळंबीच्या पिल्लांचं पहिलं अन्न. हे शैवाल, आमच्या भाषेत कल्चर, दर दोन-तीन दिवसांनी नव्या पाण्यात काढावं लागतं, त्याला सतत हवा लागते. एक दिवस चुकला तर तपकिरी पाणी निवळतं आणि तळाशी साका बसतो; सहा महिन्यांचं काम गेलं.

आणि आम्ही प्रकल्पावरची माणसं. अकरा महिन्यांचा आदेश, मग तीन दिवसांचा ब्रेक, मग नवा आदेश. ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे. त्या तीन दिवसांत आपण केंद्राचे कोणीच नसतो. नोकरी सलग दिसली तर उद्या कोणी कायम करा म्हणेल, म्हणून ती मधूनमधून तोडायची. शैवाल मात्र तसं तोडता येत नाही. त्यामुळे आमच्यात एक रीत पडली होती. ब्रेकवर असलेल्याने मस्टरला हात न लावता मागच्या दाराने यायचं, काम करायचं, जायचं. आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडम आदल्या दिवशी फोन करायच्या, "वेदिका, तेवढं बघशील ना?" आणि मी बघायचे. सहा वर्षांत, गेल्या नोव्हेंबराच्या आधी, पाच ब्रेक झाले, पाचही वेळा बघितलं. जुई पोटात होती तेव्हासुद्धा.

मी तशी फार जपून वागणारी. नवरा, हर्षद, जहाजावर. सहा-सहा महिने घरी मी, सासूबाई आणि तीन वर्षांची जुई. गॅस बंद केला का ते मी दोनदा बघते. जुईच्या तोंडात काही गेलं का, ते मागे वळून न बघता आवाजावरून सांगू शकते. सासूबाई म्हणतात, "हिच्या पाठीला पण डोळे हायत." एवढे डोळे असून जे दिसायला हवं होतं ते मला दिसलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचा संघ काढायची कल्पना सुजयसरांची. सुजयसर डॉक्टरेट झालेले, चाळिशीला टेकलेले आणि अजून 'प्रकल्प सहायक'. एका मुलाखतीत त्यांना विचारलं होतं, "तुमचा सलग अनुभव किती?" त्यांनी सांगितलं दहा वर्षं. पलीकडचे म्हणाले, "सलग विचारतोय. कागदावर अकरा महिनेच दिसतात, ते दहा वेळा." सर तिथून परत आले ते ठरवूनच.

आम्ही सातजण मांडवीला समुद्रासमोरच्या कट्ट्यावर बसलो. नोंदणीला सात सह्या लागतात, आणि आम्ही बरोबर सात होतो. अद्नान म्हणाला, "एकजण जरी पाण्यात पडला तरी संघ बुडेल. जरा आत सरकून बसा."

मृणाली सगळ्यांत धाकटी, दाभोळची. वडिलांची होडी होती, आता नाही. इथे मांडवीत खोली घेऊन एकटी राहायची. तिने विचारलं, "सर, संघ नक्की करणार काय?"

"ब्रेकचे दिवस अनुभवात मोजून घ्यायचे. बाळंतपणाची रजा. ज्याने काम केलं त्याचं नाव शोधनिबंधावर. आणि दर शनिवारी एकमेकांच्या मुलाखतींची तयारी."

"म्हणजे संघाचा ब्रेक कधी असणार नाय ना?" ती म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

संघाने काम केलं, हे मला सांगितलं पाहिजे. अद्नानने कुठल्या विद्यापीठात कुठली जागा निघाली त्याचा ग्रुप चालवला. शनिवारी सर आमच्या मुलाखती घ्यायचे आणि इतके तिरके प्रश्न विचारायचे की एकदा मृणालीने त्यांनाच विचारलं, "सर, तुम्हाला कोणी निवडलं नाही त्याचा राग आमच्यावर काढताय काय?" दोघांना दुसरीकडे चांगल्या जागा मिळाल्या. त्यांची जागा नव्या दोघांनी घेतली. मी चिटणीस होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की माझ्या मागे कोणीतरी उभं आहे.

संघाची घटना मी टाइप केली होती. सरांनी कायम प्राध्यापकांच्या एका संघटनेची घटना आणली होती, जुनी, छापील. मी ती संगणकावर घेतली, जिथे जिथे 'प्राध्यापक' होतं तिथे 'संशोधन कर्मचारी' घातलं, तीनदा वाचून शुद्धलेखन तपासलं आणि पाठवली. कलम नऊ असं होतं: सभासद सेवेत असेपर्यंत सभासद राहील; सेवा खंडित होताच सभासदत्व आपोआप संपुष्टात येईल. कायम माणसांसाठी हे वाक्य ठीक आहे. त्यांची सेवा एकदाच संपते. सातजणांनी त्याखाली सह्या केल्या. आमची सेवा दर वर्षी खंडित होते, आणि आम्ही जमलो होतो ते नेमक्या त्याच कारणासाठी. तरी सातांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात मृणालीचा आणि माझा ब्रेक एकत्र आला, तेरा ते पंधरा. आम्ही दिवस वाटून घेतले. तेराला ती, चौदाला मी, पंधराला दोघी. चौदाला सकाळी जुईला ताप भरला. मी सात वाजता मृणालीला फोन केला.

"अगं, आज माझा दिवस आहे, पण हिला एकशे दोन आहे."

"मग बस तिच्याजवळ. मी जाते ना."

"काल पण तूच गेलीस."

"ताई, मला कुठे पोरं हायत? मला ती फ्लास्कमधलीच. ठेव फोन."

अकरा वाजता तिने मोठ्या टाकीत समुद्राचं पाणी निर्जंतुक करायला क्लोरीनचं द्रावण ओतलं. आदल्या आठवड्यात कोणीतरी तीच टाकी ॲसिडने खरवडली होती आणि नीट धुतली नव्हती. ही दोन्ही एकत्र आली की वायू सुटतो. बंद खोली, पंखा दोन महिने बिघडलेला. ती दारापर्यंत आली कशीबशी. माळ्याने बघितलं, रिक्षात घातलं. तीन दिवस ती दवाखान्यात होती.

मी दुपारी गेले तेव्हा तिच्या तोंडावर मास्क होता. तिने हाताने विचारलं, जुई कशी आहे? मी म्हटलं, ताप उतरला.

सोळा तारखेला आम्हा दोघींना नव्या आदेशावर हजर व्हायचं होतं, सोबत तंदुरुस्तीचा दाखला. मला ह्या वेळी, कारण न सांगता, तीनच महिन्यांचा आदेश मिळाला. तिला दाखलाच मिळेना. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की ती कठड्याला धरून उभी राहायची आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. केंद्राने जागा दुसऱ्या कोणाला देऊ नये, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी एक गोष्ट लागत होती: चौदा तारखेला ती कामावर असताना हे झालं, हे कोणीतरी लेखी द्यायला हवं होतं. मॅडम सगळं फोनवरच सांगायच्या, लेखी द्यायला त्या तयार नव्हत्या.

ती अर्ज घेऊन प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे गेली. संघाची चिटणीस म्हणून मी सोबत. साहेब सभ्य माणूस. चहा मागवला, खिडकी उघडली, मृणालीला त्रास नको म्हणून.

"मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण चौदाला त्या आमच्या कर्मचारी नव्हत्या. आवारात कशा आल्या, हाच खरा प्रश्न आहे. तो मी विचारत नाही."

"साहेब, ब्रेकमध्ये सगळेच येतात," मृणाली म्हणाली.

"सगळे म्हणजे कोण? नावं द्या."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. अर्जाच्या कोपऱ्याची घडी घालत बसली. मी चहाचा कप तोंडाला लावला.

साहेबांनी कपाटातून आमच्या संघाची फाइल काढली. नोंदणीची प्रत आम्हीच अभिमानाने दिली होती. "आणि मॅडम, तुम्ही संघातर्फे आलात. तुमचं कलम नऊ वाचा ना." मी वाचलं. मोठ्याने वाचायला लावलं नाही त्यांनी, मी आपणहून मोठ्याने वाचलं आणि मधेच थांबले. ते म्हणाले, "त्या दिवशी त्या तुमच्याही सभासद नव्हत्या. आता आम्ही काय करायचं, तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर परिपत्रक लागलं. खंडित सेवेच्या काळात जी व्यक्ती आवारात आढळेल किंवा तसं सिद्ध होईल, तिचा पुढील नियुक्तीसाठी विचार केला जाणार नाही.

शनिवारी बैठक झाली. सुजयसर घटना उलटसुलट करून बघत होते. "दुरुस्ती करू. पण ती पुढे लागू होईल. मागच्या तारखेला नाही. संघाला पत्र देता येत नाही." मग घटना मिटून म्हणाले, "व्यक्तिगत साक्ष कोणी देत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तिला कोणी पाठवलं, कोणाला माहीत होतं..."

अद्नान म्हणाला, "मी त्या आठवड्यात आदेशावर होतो, पण फिल्डला होतो जयगडला. मी बघितलं असतं तर आत्ता लिहून दिलं असतं."

मृणाली पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती. ती सांगू शकत होती, चौदाला वेदिकाताईचा दिवस होता. तिने सांगितलं नाही. तिला वाटलं असेल मी सांगेन. मी जुईचं कारण काढून लवकर उठले.

खाली स्कूटरपाशी ती हळूहळू आली. "ताई, तू फक्त एवढं लिही, की तू मला फोन केलास आणि मी तुझ्याऐवजी गेले. बाकी काय नको."

"लिहिते गं. दोन दिवस दे."

"दे ना निवांत. पळून कुठे जाते मी? पळता कुठे येतंय?" आणि ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला.

त्या दोन दिवसांचे तीन महिने झाले. मी रोज लिहायचे. खरंच रोज. 'मी, खाली सही करणारी, वेदिका' इथपर्यंत पोचायचे. पुढचं वाक्य लिहिलं की मी आधीच्या पाचही ब्रेकमध्ये आत होते हे आपोआप सिद्ध होत होतं, आणि परिपत्रक तेच म्हणत होतं. मग हर्षदला फोन. तो कुठल्यातरी बंदराबाहेर, आवाज तुटत.

"लिहून टाक की."

"आणि नोकरी गेली तर?"

"मग नको लिहू."

"अरे पण ती..."

"मग लिही. वेदा, मी इथून काय सांगू?"

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुझ्या पोरीपायी झालंय ना ता? मग तुझंच हाय." आणि थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, "पण सहा वर्षांची नोकरी घालवशील तर बघ हां." दोन्ही एकाच तोंडाने. मी कोणावर चिडू? माझ्या डोक्यात तरी वेगळं काय चाललं होतं?

मृणाली विचारायचं सोडत गेली. आधी फोन, मग मेसेज, मग मेसेजवर नुसता अंगठा. जानेवारीत तिने मांडवीची खोली सोडली. मला अद्नानकडून कळलं. तोच तिची ट्रंक धोपाव्याच्या फेरीबोटीपर्यंत टेम्पोने सोडून आला होता. "तुमच्याबद्दल काही बोलली नाही," तो म्हणाला, मी विचारलं नसताना.

फेब्रुवारीच्या सोळाला माझा पुन्हा ब्रेक लागला. पंधराला संध्याकाळी मॅडमचा फोन. "वेदिका, तेवढं बघशील ना?"

"मॅडम, परिपत्रक आहे."

"ते आहेच गं. मागच्या दाराने ये. कल्चर बसलं तर तुमच्या नव्या आदेशाची शिफारस मी कशाच्या जोरावर करू?"

मी गेले. त्याच खोलीत. पंखा नवा बसवलेला. मी शैवाल नव्या पाण्यात काढलं, हवेच्या नळ्या तपासल्या, प्रत्येक डब्याचा वास लांबून घेतला. आणि तिथेच, ओल्या हाताने, उभ्याउभ्या ते पत्र पुरं केलं. चौदा नोव्हेंबरला माझा दिवस होता. मी तिला फोन केला. ती माझ्याऐवजी आली. मीही दर ब्रेकमध्ये येते. सही केली आणि पुढच्या इमारतीत, पत्रं घेतात त्या आवक खिडकीवर घेऊन गेले.

खिडकीवर केरूभाऊ. मला सहा वर्षं ओळखतात, जुईच्या बारशाचा पेढा खाल्लेला. पत्र वाचलं, चष्मा काढला.

"मॅडम, ह्या कसा घेऊ? तुमचा आदेश कालच संपला."

"मग बाहेरच्या माणसाचं म्हणून घ्या."

"बाहेरच्याला आत काय चाललंय ता कसा माहीत?"

"केरूभाऊ, मी आत्ता आत आहे. तुमच्यासमोर उभी आहे. अंगात कोट आहे बघा."

"ता मला दिसतंय," ते हळू आवाजात म्हणाले आणि पत्र माझ्याकडे सरकवलं. "म्हणून तर सांगतो. मी तुम्हाला बघितलं नाय. जावा घरी."

तीन महिने माझ्याकडे आदेश होता. त्यांतल्या कुठल्याही दिवशी हे पत्र त्या खिडकीत गेलं असतं आणि त्यावर गोल शिक्का पडला असता. मी पोस्टात गेले, केंद्र ज्याच्या अखत्यारीत आहे त्या विद्यापीठाच्या पत्त्यावर रजिस्टर केलं. पोच परत आली, निळ्या शाईची एक अस्पष्ट सही. उत्तर नाही.

त्या रविवारी जुईला घेऊन मी दाभोळला गेले. गुहागरची एसटी, तिथून रिक्षाने धोपावे, मग फेरीबोट. जुई बोटीवर एका मोटारसायकलला नारळ बांधलेला बघून हसत होती. पत्राची प्रत मी पिशवीत ठेवली होती, मृणालीला दाखवायला. काय दाखवणार होते, उशिरा का होईना लिहिलं, हे?

घर धक्क्यावरून वर चढून जातं. चाळीसेक पायऱ्या असतील. मी मोजत होते, कारण ती ह्या कशी चढत असेल हे डोक्यात होतं. अंगणात मासळी वाळत घातलेली, उग्र वास. दार तिच्या आईने, जनीकाकूंनी उघडलं. पूर्ण नाही, वीतभर.

"मी वेदिका. रत्नागिरीहून. मृणालीची..."

"म्हायतेय कोण ती. झोपलीय ती."

"जागी होईपर्यंत थांबते."

"झोपलीय."

आत कोणीतरी खोकलं. लांब, न संपणारा खोकला, आणि शेवटी ती शिट्टी. जुईने माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "आई, मावशी जागी आहे." काकूंनी तिच्याकडे बघितलं. आत गेल्या, एक लाडू आणून तिच्या हातात ठेवला, आणि दार लावलं. पत्राची प्रत मी फटीतून आत सरकवली. ती आत ओढली गेली की तशीच पडून राहिली, ते मला दिसलं नाही. आम्ही शेवटच्या बोटीपर्यंत धक्क्यावर बसलो. कोणी खाली आलं नाही.

तीन दिवसांच्या ब्रेकचा आज तेविसावा दिवस आहे. आदेश आलेला नाही, नकारही नाही. मॅडमचा फोन दर दोन दिवसांनी येतो आणि मी मागच्या दाराने जाते, कारण गेले नाही तर ते दार कायमचंच लागेल. सुजयसरांनी कलम नऊच्या दुरुस्तीसाठी बैठक बोलावली आहे. मला तिथे मत नाही. मी सेवेत नाही.

मृणालीला मी रोज एक मेसेज करते. तिथे आता अंगठाही येत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कोणी फेरीने दाभोळला गेलात, तर धक्क्यावर उतरून जनीकाकूंचं घर विचारा. कोणीही दाखवेल. पाणी मागा, मासळी विकत हवी म्हणा, काहीही म्हणा, पण आत जा. मृणाली दिसली तर बोलताना एक वाक्य पुरं करते का बघा, की मधे थांबते. श्वासाचा फवारा वापरते का, डॉक्टरकडे कोण नेतं, रात्री बसून झोपते की आडवी होते, हे तिच्या आईला विचारा. माझं नाव काढू नका, नाहीतर दार लागेल. आणि परत आल्यावर मला एवढं कळवा, की ती कशी आहे.